सुबाभळीखालचं आवळीभोजन

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत, एक आमचं आणि एक चित्राताईंचं. चित्राताई विधवा आहेत, मी सौभाग्यवती आहे, आणि मला त्यांचा हेवा वाटतो. हे मी मोठ्यानं बोलले तर रायपूरच्या शंकर नगरातल्या ओळखीच्या बायका मला हळदीकुंकवाला बोलावणं बंद करतील. म्हणून बोलत नाही. पण वाटतो तर वाटतो, त्याला कोण काय करणार.

रविवार उजाडला की चित्राताई डोक्याला रुमाल गुंडाळतात, स्कूटी काढतात आणि खारुन नदीकडे निघतात. महादेवघाटाच्या पुढे, वस्ती संपल्यावर, त्यांच्या ओळखीच्या कोणाचं शेत आहे. तिथे स्कूटी ठेवून त्या काठाकाठानं चालतात. कशासाठी? कशासाठीच नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकत नाहीत, वजन उतरवायचं आहे म्हणत नाहीत. नुसत्या चालतात आणि जेवायच्या वेळेला परत येतात. त्यांच्या यजमानांना, शेखररावांना, जाऊन काही वर्षं झाली, मुलगा हैदराबादला असतो, रेल्वेचं पेन्शन येतं. कुठे निघालात, कधी येणार, हे विचारणारं घरात कोणी नाही.

आणि मी दर रविवारी बाल्कनीत उभी राहून त्यांची स्कूटी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघते. बाल्कनीला सुधाकरनं कबुतरांसाठी जाळी बसवून घेतली आहे. जाळी उत्तम आहे. आजवर एकही कबुतर आत आलेलं नाही आणि मीही कधी बाहेर पडलेली नाही.

सुधाकर म्हणजे माझा नवरा. तो वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला सगळे हेच सांगतात. पीत नाही, हात उगारत नाही, सरकारी नोकरीत बऱ्या हुद्द्यावर आहे. भाजी तोच आणतो. शिंपी मापं घ्यायला घरी येतो. संक्रांतीच्या बांगड्यासुद्धा तोच घेऊन येतो आणि माप कधी चुकत नाही. उत्तरेचा वारा सुटला की भनपुरी-बीरगांवाकडच्या कारखान्यांची काळी धूळ सगळ्या शहरावर बसते, म्हणून आमच्या खिडक्या बारा महिने बंद. पूर्वी बाल्कनीत माझ्या कुंड्या होत्या. त्यांची माती फरशीवर येते म्हणून त्या गेल्या आणि त्यांच्या जागी प्लास्टिकची वेल आली. तिची पानं मी अधूनमधून साबणाच्या पाण्यानं धुते. काटोलला वडिलांच्या संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली मी, जिला आई म्हणायची की ही पोट्टी झाडावरच राहते, ती मी रायपुरात प्लास्टिकची पानं धुते.

बाहेर जायचं नाव काढलं तर सुधाकर रागावत नाही. चष्मा काढतो, पुसतो आणि शांतपणे विचारतो, "गरज काय आहे?" याला काय उत्तर देणार? नदी बघायची गरज काय आहे? काहीच नाही. झाडाखाली बसायची? तीही नाही. मग मी चहा ठेवते.

कार्तिकात आवळीभोजन येतं. आवळीच्या झाडाची पूजा करायची, खोडाला कच्चं सूत गुंडाळत नवऱ्याच्या आयुष्यासाठी फेऱ्या घालायच्या आणि मग तिच्याच सावलीत सगळ्यांनी जेवायचं. इकडे रायपुरात आंवला नवमीला बागा बायकांनी भरून जातात. लग्न होऊन आले त्या वर्षी मला वाटलं, चला, वर्षातला एक दिवस तरी झाडाखाली. तर आदल्या संध्याकाळी सुधाकर ऑफिसातून येताना एक फांदीच घेऊन आला. "हे घे. घरीच करा. कुठं त्या गर्दीत जाता," म्हणाला. फांदी बादलीत उभी केली, बादली बाल्कनीत ठेवली आणि तो, मी आणि माझ्या सासूबाई असे तिघं तिच्याभोवती पाट मांडून जेवलो.

फांदी सुबाभळीची होती.

मला बघताक्षणी कळलं. लांबून दोन्हींची पानं सारखीच, बारीक आणि पिसासारखी, पण काटोलच्या पोरीला काय फसवता. या दिवसांत आवळी फळांनी लगडलेली असते आणि हिला वाळक्या चपट्या शेंगांशिवाय काही नव्हतं. सासूबाईंना तेव्हाही धड दिसत नव्हतं आणि सुधाकरनं जन्मात कधी मान वर करून झाडाकडे पाहिलेलं नाही. ऑफिसच्या मागच्या कुंपणाला जे दिसलं ते तोडून आणलं असणार. मी काही बोलले नाही. त्या घरातली प्रत्येक वस्तू त्यानं आणलेली होती, हे एक गुपित तेवढं माझं होतं. दर वर्षी तो सुबाभूळ आणायचा, दर वर्षी मी तिला हळदीकुंकू वाहायची आणि मनातल्या मनात हसायची. त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही.

यंदा मात्र ते गुपित मला खर्च करावं लागलं.

नवमीच्या आधीच्या रविवारी चित्राताई परत आल्या तेव्हा मी दारातच होते. खरं म्हणजे खाली त्यांची स्कूटी दिसली म्हणूनच दारात जाऊन उभी राहिले होते. त्यांच्या सलवारीला गुडघ्यापर्यंत कुसळं लागली होती. जिन्याच्या पायरीवर बसून त्या एकेक कुसळ उपटत होत्या.

"नदीवर सगळं कांसाचं गवत फुललं आहे, मंजिरी," त्या म्हणाल्या. "जिकडे पाह्यलं तिकडे पांढरं दिसून राहिलं. तू काहून नाही येत एखाद्या दिवशी?"

"घरी कामं असतात," मी म्हणाले.

त्या आत गेल्यावर मी पायरीवरचं एक कुसळ उचललं आणि माझ्या साडीच्या काठाला लावून पाहिलं. चिकटलं. माझा असा जळफळाट झाला की काय सांगू. ही बाई गेली तर गवत तिच्यासोबत घरापर्यंत येतं, आणि मला काय चिकटतं, तर फोडणीचा वास.

त्या दिवशी जेवताना सुधाकर म्हणाला, "समोरच्या आज पण गेल्या होत्या वाटतं. शेखरराव असते तर हे चाललं नसतं."

शेखरराव असते तर. मीही इतकी वर्षं तोच हिशोब करत होते. शेखरराव गेले म्हणून चित्राताई सुटल्या. मी सुधाकरच्या ताटाकडे पाहिलं. कमी तेलाची भाजी, बिनमिठाची कोशिंबीर, आणि औषधाची गोळी कसलीच नाही. याचे वडील नव्वदी गाठून गेले होते. मी मुकाट्यानं त्याला पोळी वाढली.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी तो नेहमीसारखी फांदी घेऊन आला. मी बादली भरली, फांदी उभी केली आणि वाती वळत बसलेल्या सासूबाईंना म्हणाले, "आई, ही आवळी नाही."

सासूबाईंचं नाव सत्यभामा, आणि स्वभाव नावाला शोभेल असा. त्यांचे हात थांबले. "काय म्हनून राहिली?"

"सुबाभूळ आहे. बकऱ्यांचा चारा."

"काही पण," सुधाकर म्हणाला. "आवळीच आहे. दर वर्षी हीच तर आणून राहिलो मी."

बिचाऱ्यानं स्वतःच कबुली दिली. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या उन्हाळ्यात झालं आहे, आता त्यांना सुईत दोरा ओवता येतो. त्या उठल्या, फांदीजवळ गेल्या आणि तिची शेंग तोडून लेकाच्या नाकासमोर धरली.

"आवळीले शेंगा कधीपासून लागाले लागल्या रे? म्हंजे इतकी वर्षं माया पोराच्या आयुष्यासाठी आम्ही बकरीचा चारा पुजला?"

"आई, टेन्शन नको घेऊ. उद्या सकाळी बरोबर फांदी आणून देतो."

"फांदी नाही पाह्यजे मले. झाड पाह्यजे. जमिनीतलं, मुळं असलेलं."

सुधाकरनं चष्मा काढला. "पण त्याची गरज काय..."

"गरज? तुया जीवाचा प्रश्न आहे, अन् तू मले गरज विचारून राहिला?"

त्या प्रश्नाला कोणी उलट उत्तर दिलेलं मी माझ्या संसारात पहिल्यांदा ऐकलं. मी आवाज होईल तितका साधा ठेवून म्हणाले, "चित्राताईंच्या ओळखीच्या शेतात मोठी आवळी आहे म्हणे. नदीच्या काठावर."

दुसऱ्या दिवशी सुधाकरनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्हा दोघींना गाडीतून घेऊन निघाला. पुढे चित्राताईंची स्कूटी, मागे आम्ही, काचा वर, एसी चालू. शेत जवळ आलं तेव्हा मला बाहेरचं सगळं दिसत होतं आणि वास कशाचाच येत नव्हता. सुधाकरनं गाडी बाभळीच्या सावलीत लावली. "मी इथंच बसतो, ऑफिसचा कॉल आहे. आटपा लवकर," म्हणाला आणि आम्ही उतरल्याबरोबर त्यानं दार ओढून घेतलं.

आवळी खरोखर जुनी होती. फांद्यांना चिकटून पोपटी फळं लागली होती. खालची जमीन शेणानं सारवून ठेवली होती. सासूबाई घडीच्या खुर्चीवर बसून मला सूचना द्यायला लागल्या. मी पाणी घातलं, हळदीकुंकू वाहिलं, सासूबाईंनी मला कुंकू लावलं. चित्राताईंना लावलं नाही. सासूबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, रीत आहे म्हणून नाही लावलं. "तुम्ही बसा आरामात," एवढं म्हणाल्या.

"मी जरा नदीवर जाऊन येतो," चित्राताई म्हणाल्या. "जेवायले आवाज द्या." आणि चपला हातात घेऊन उताराकडे चालू लागल्या.

मी सुताचं गुंडाळं घेतलं आणि फेऱ्या सुरू केल्या. आता माझी दशा बघा. झाडाच्या एका बाजूला आले की गाडी दिसायची, बंद काचेमागे सुधाकर, फोन कानाला. दुसऱ्या बाजूला गेले की नदी दिसायची आणि चित्राताई. एका फेरीला त्या कांसात कमरेइतक्या बुडालेल्या होत्या. पुढच्या फेरीला पाण्याशी. त्याच्या पुढच्या फेरीला सलवार वर खोचून पाण्यात. मान माझा आणि नदी त्यांची. ज्या बाईला कुंकू लागत नाही ती पाण्यात उभी, आणि जिला लागतं ती खुंट्याला बांधलेल्या गाईसारखी झाडाभोवती. माझी बोटं जळायला लागली, सुतानं की कशानं कोण जाणे.

आणि गाडीच्या बाजूला असताना माझ्या मनात आलं, हा गेला तर.

स्पष्ट आलं, शब्द न् शब्द. हातात त्याच्या आयुष्याचं सूत, आणि मनात हे. माझे पाय जागीच थांबले. मला माझीच भीती वाटली.

"काय झालं? चक्कर आली का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. तहान लागली."

"मग पी पाणी. अन् त्या चित्रालेही बोलाव, मी पानं मांडतो. उरलेल्या फेऱ्या आल्यावर घाल. सूत तोडू नको फक्त."

गुंडाळं खोडावरच्या एका खुंटाला अडकवून मी उतारावरून खाली गेले. कांस खांद्याला लागत होता. काठावर पोचेपर्यंत मला रडू आलं होतं आणि रागही आला होता, आणि तो राग मी चित्राताईंवरच काढला.

"तुमचं बरं आहे, चित्राताई. कोणी विचारणारं नाही, अडवणारं नाही. मी तुमच्या जागी असती तर..." पुढचं बोलले नाही. तेवढ्यानंच मी लाजेनं लाल झाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत.

"तुले काय वाटते, हे गेल्यावर यायले लागली मी इथं?" त्या म्हणाल्या. "हे होते तेव्हापासूनच येऊन राहिली. पयल्यांदा आली तेव्हा कितीतरी दिवस बोलले नाही मायाशी. एकदा स्कूटीची चाबी लपवून ठेवली. मी ऑटोनं आली. मग थकले बिचारे. शेवटी शेवटी तर दारातच विचारायचे, आज काय दिसलं? हे गेले तेव्हा उलट मीच बंद केलं होतं येणं. घरी जाऊन सांगू कोणाले? विचारणारं कोणी नाही, हे काही बरं नसते, मंजिरी."

त्यांनी सलवार आणखी वर खोचली.

"सुधाकर भैया नाही म्हनतात का तुले?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सुधाकर कधीच नाही म्हणाला नव्हता. एकदाही नाही. मी आठवून आठवून थकले. "ते विचारतात, गरज काय आहे," मी म्हणाले.

"मग तू काय सांगते?"

"मी चहा ठेवतो."

चित्राताई मोठ्यानं हसल्या. मला त्यांना पाण्यात ढकलून द्यावंसं वाटलं. इतकी वर्षं मी त्यांच्या नशिबाचा हेवा केला होता. नशिबाचा हेवा करणं सोपं असतं, त्यात आपल्याला काही करायचं नसतं, नुसतं बाल्कनीत उभं राहून जळायचं असतं. आता कळलं की त्यांच्याकडे होती ती हिंमत, आणि ती त्यांनी नवरा जिवंत असताना, भांडून, चावी लपवली तर ऑटो करून मिळवली होती. हा हेवा फार झोंबला.

वर गाडीचा हॉर्न वाजला.

माझे पाय वळले. सवयच तशी आहे. मग मी त्यांना परत वळवलं, चपला काढल्या आणि पाण्यात शिरले. पाणी गार होतं, तळव्याखालची वाळू सरकत होती. हॉर्न पुन्हा वाजला. मी वळून पाहिलं नाही. साडी पोटरीपर्यंत भिजली, मी उभी राहिले, आणि मला बरं वाटलं. इतकं साधं होतं ते.

माझ्या मर्जीनं वर आले तेव्हा सासूबाईंनी पानं मांडली होती आणि सुधाकर गाडीतून उतरून घड्याळ बघत होता. "कुठं होती? साडी पाहा किती भिजली. गरज काय होती पाण्यात जायची?"

"आधी फेऱ्या पूर्ण करू दे तिले," सासूबाई म्हणाल्या.

मी खुंटाचं गुंडाळं काढून घेतलं आणि उरलेल्या फेऱ्या घातल्या. या वेळी मनापासून घातल्या. एकेक वेढा घट्ट ओढून बसवला. जग बाबा, म्हटलं, तुझ्या वडिलांइतका जग, त्यांच्याहून जास्त जग. मला आता तुझ्या मरणाची गरज नाही.

मग सगळे आवळीखाली जेवायला बसलो. सुधाकरच्या वरणात आवळीचं पान पडलं. ते शुभ असतं, पण त्यानं दोन बोटांनी उचलून रुमालाला पुसलं. मुंग्या आहेत म्हणाला, ऊन आहे म्हणाला. चित्राताईंच्या पानात पडलं ते त्यांनी भातासोबत खाऊन टाकलं. माझ्या पानाकडे मी बघत बसले, पण माझ्यात काही पडलं नाही. न पडू दे.

भांडी आवरून गाडीपाशी आलो. सुधाकर माझ्या पायांकडे पाहून थबकला. साडीच्या काठाला वीतभर कुसळं लागली होती. तो लगेच वाकला. चांगला माणूस आहे, मी म्हटलंच आहे. गाडीची सीट खराब होऊ नये म्हणून वाकला असेल, किंवा माझ्यासाठीच. त्यानं एक कुसळ काढलं, दुसऱ्याला हात घातला, तेव्हा मी काठ मागे ओढून घेतला.

"राहू द्या," मी म्हणाले. "तुम्ही आईंले घेऊन निघा. मी चित्राताईंसोबत मागून येतो."

"स्कूटीवर?"

"हव. अजून जरा वेळ बसतो नदीवर, मग येतो."

त्यानं चष्मा काढला. पुसला. आता काय येणार हे मला माहीत होतं, आणि या वेळी मला जवळपास कुठे चहा ठेवायची सोय नव्हती.

"मंजिरी, गरज काय आहे?"

"काहीच गरज नाही," मी म्हणाले. "मले जायचं आहे."

त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. नाही म्हण ना, मी मनात म्हणत होते, एकदा तोंडानं नाही तर म्हण. तो म्हणाला नाही. आईकडे पाहत राहिला. सासूबाई गाडीचं दार उघडून आत बसत होत्या, गुडघा दोन्ही हातांनी उचलून.

"चाल रे, सुधाकर," त्या म्हणाल्या. "आज खऱ्या आवळीले सूत गुंडाळलं तिनं. बायको स्कूटीवर बसली म्हणून काही मरत नाहीस तू."

मी चित्राताईंच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्या चपला काढायला लागल्या होत्या. गाडी सुरू झाली, थोडी मागे आली, वळली आणि थांबली. मला वाटलं, उतरतो की काय. उतरला नाही. काच वर होती आणि काचेमागून तो आमच्याकडे बघत होता, आमच्या अनवाणी पायांकडे, मागच्या पांढऱ्या कांसाकडे, माझ्याकडे.

त्या नजरेत राग नव्हता. राग मी ओळखला असता. ते तोंड मात्र मला फार ओळखीचं वाटलं, आणि कुठे पाहिलं आहे ते गाडी रस्त्याला लागल्यावर आठवलं. दर रविवारी सकाळी आमच्या बाल्कनीत, जाळीमागे, तेच तोंड असायचं. ते माझं होतं.